दोन-दहाच्या पुढचा हात

हिरेमठ सर आमच्या दुकानाची पायरी चढले तेव्हा त्यांच्या हातात माझा गृहपाठाचा कागद होता आणि दुकानात सात-आठ बायका हात पुढे करून बसल्या होत्या. बार्शीच्या कासार गल्लीत एकटा पुरुष दुकानात शिरला की बायका आधी पदर सावरतात आणि मग कान टवकारतात. दादा, म्हणजे माझे वडील, एका नवऱ्या मुलीला चुडा भरत होते. सरांनी चपला बाहेर काढल्या, घसा खाकरला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "कोळपकर, बांगडी कुठून वाढते?"

"कुठूनही वाढते, सर," मी म्हणाले. "पण बहुतेक जोडापाशी."

"पुडक्यात बारा बांधल्या असतील तर तेरावी येते कुठून?"

दुकानात खसखस पिकली. मला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा मी तोंडात पदर कोंबला, म्हणजे ओढणी. सर मूळचे विजापूरचे. मराठी ते वर्तमानपत्रं वाचून शिकले होते आणि आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवत. पुस्तकातल्या उदाहरणांत नेहमी दिवे जायचे नाहीतर स्क्रू सदोष निघायचे. सरांना त्याचा कंटाळा आला आणि त्यांनी द्विपदी वितरणावरचं उदाहरण ज्याचं त्याने घरून तयार करून आणायला सांगितलं. मी लिहिलं होतं, परगावाहून येणाऱ्या मालात दहात एक बांगडी वाढते, तर डझनाच्या पुडक्यात दोनपेक्षा जास्त न वाढण्याची संभाव्यता काढा. सरांनी त्याला भोपळा दिला होता आणि शेजारी लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं होतं.

दादांनी नवरीचा हात न सोडता मान वर केली. "मास्तर, पडलेली बांगडी ऱ्हात नसती. वाढत असती."

"म्हणजे फुटते?"

"तो शब्द आमच्या दुकानात कुणी काढत न्हाई."

मग बायकांनीच सरांचा तास घेतला. सौभाग्याचं लेणं फुटलं असं तोंडाने कसं म्हणायचं, नारळसुद्धा देवापुढे वाढवतात, कुंकूसुद्धा वाढवतात, तुमच्या विजापुरात म्हणत नाहीत का, एक ना दोन. सर सगळं ऐकून घेत तिथेच सतरंजीवर बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि उदाहरण पुन्हा सोडवलं. प्रत्येक बांगडी आपल्या नशिबाने राहते किंवा जाते, शेजारणीचं काय झालं ते तिला ठाऊक नसतं, आणि जाण्याची शक्यता सगळ्यांना सारखी. एवढ्या सामग्रीवर हिशेब मांडायचा. उत्तर शंभरात एकोणनव्वद आलं. माझंही तेच होतं. सरांनी भोपळ्याच्या आधी एक आकडा काढून त्याचे पूर्ण गुण केले आणि म्हणाले, "मराठी फार आशावादी भाषा आहे."

एवढ्यावर ते गेले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण सरांना चहा हवा होता, आणि चहा अक्का घेऊन आली.

अक्का दादांची थोरली बहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि अक्कानेच मला वाढवलं. सरळ अर्थाने म्हणते, जरी कासारी अर्थानेही तिने तो प्रयोग अधूनमधून करून पाहिला होता. घरात शब्द तिचा चाले. सरांनी चहा हातात घेतला आणि मुलीला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवा असं दादांना सांगितलं. अक्काने त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की मुलीला लातूरच्या भांड्यांच्या दुकानातून मागणी आली आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आणि आकडेमोड तिला तिकडेही करता येईल. मुलगा खरंच चांगला होता, मी आजही नाव ठेवत नाही. पण मला पुण्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री गादीवर पडले की मी वसतिगृहाच्या खोलीत टेबल कुठे ठेवायचं ते ठरवत असे.

दादा दोघांच्या मध्ये सापडले. त्यांचा स्वभाव भांडणाचा नव्हता. हातातला चुडा पुरा करून, नवरीच्या डोक्यावर हात ठेवून, ते सावकाश सरांकडे वळले. त्यांचीही एक अडचण होती. महिन्याभराने जवळच्या साखर कारखान्यावर सामुदायिक विवाहसोहळा होता. वऱ्हाडातल्या झाडून साऱ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरायच्या, असं कारखान्याने ठरवलं होतं. सहाशेच्या आसपास बायका येणार होत्या. गल्लीतले सगळे कासार मिळून काम करणार, पण माल आणायची जबाबदारी दादांची. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ आणि सर्वांत मोठं दोन-दहा, अशी मापं. कुठल्या मापाचा किती माल आणायचा?

"तुम्हाला तर अंदाज असेल," सर म्हणाले.

"हात हातात आला की माप मला कळतं, मास्तर. डोळं झाकून सांगीन. पण जो हात अजून आलाच न्हाई, त्याचं कसं सांगू?"

सरांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी जन्मात विसरणार नाही. उपाशी माणसासमोर पुरणाचं ताट यावं तसं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "न आलेल्या हातांचंच शास्त्र आहे हे," ते म्हणाले. "कोळपकर, सांगा तुमच्या वडिलांना."

मी सांगितलं की सांगते, पण आधी हात मोजावे लागतील.

पुढचे तीन आठवडे दर बाजाराच्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण शकिला मापाचा दोरा घेऊन भाजीबाजाराच्या तोंडाशी उभ्या. कॉलेजातल्या मुलींचे हात मोजून भागणार नव्हतं. त्यांनी पुस्तकापेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. खेड्यांतून आलेल्या बायकांना आम्ही अंगठा तळव्यात मुडपायला सांगायचो आणि बोटांच्या पेरांवरून, हात जिथे सर्वांत रुंद होतो तिथून, दोरा फिरवायचो. बांगडी मनगटात राहते, पण अडते ती पेरांवर. बायका हौसेने हात द्यायच्या. कुणाला वाटलं सरकार बांगड्या वाटणार आहे, तर आम्हाला कुटुंबनियोजनवाल्या समजून एका म्हातारीने हात मागे घेऊन ठणकावलं की मला आता ऑपरेशनची गरज नाही. शकिला हसता हसता कोथिंबिरीच्या पाटीवर बसली आणि चेपलेल्या जुड्यांचे पैसे आम्हाला भरावे लागले.

मापं कागदावर मांडली तेव्हा चित्र अगदी पुस्तकातलं निघालं. दोन-चार आणि दोन-सहाच्या मध्ये बायकांची दाटी, आणि तिथून दोन्हीकडे उतार. लहान हात कमी, त्याहून लहान आणखी कमी, मोठ्यांचं तेच. प्रसामान्य वक्र. फळ्यावर काढलेला मी शंभरदा पाहिला होता, पण भाजी आणायला आलेल्या बायकांनी, एकमेकींना न विचारता, आपापल्या हातांनी तो काढून दाखवला याचा मला इतका आनंद झाला की मी तो कागद घेऊन सरांच्या घरापर्यंत पळत गेले. सरांनी सरासरी तपासली, विचलन तपासलं, आणि मग वक्राच्या उजव्या टोकाशी पेन्सिल टेकवली. दोन-दहाच्या पुढे.

"इथे काय?"

"इथे कुणी नाही, सर. आम्हाला एकही भेटली नाही."

"वक्र खाली टेकलाय का?"

टेकला नव्हता. तो कधीच टेकत नाही, नुसता जमिनीच्या जवळ जवळ जात राहतो. मी हिशेब केला. दोन-दहात न मावणारा हात तीनशेत एक. सहाशेत दोन. एकही न येण्याची शक्यता सातात जेमतेम एक. त्यापुढचं माप कुणी व्यापारी ठेवत नाही, ते मुद्दाम करवून घ्यावं लागतं, आणि त्याला आता वेळ नव्हता.

मी दादांना घरी सगळं वाचून दाखवलं. कुठलं माप किती, त्यावर वाटेत वाढणाऱ्या बांगड्यांसाठी किती जास्तीचा माल. दादा मान डोलावत होते. शेवटी मी म्हटलं, "आणि एखाद-दोन बायका रिकाम्या हाताने परत जातील."

दादांची मान थांबली. लग्नाच्या मांडवाबद्दल असं अभद्र बोलू नये, ते म्हणाले, आणि तेवढं वाक्य खोड. मी म्हटलं, ते खोडलं तर बाकीचंही खोडावं लागेल, सगळं एकाच हिशेबातून आलंय. दादांना राग आलेला मी क्वचित पाहिला होता, तेव्हा पाहिला. तीस वर्षांत त्यांच्यापुढून एकही बाई रिकाम्या हाताने उठली नव्हती. त्यांच्या दृष्टीने मी त्यांच्याच हातांना नाव ठेवत होते.

अक्काला मात्र हे सोन्यासारखं सापडलं. "राहू दे गजा, खोडाया लावू नको," ती दादांना म्हणाली. "पोरीनं आकडा सांगितलाय ना? मग ठरलं. आकडा खरा ठरला तर पुणं. खोटा ठरला तर लातूरला होकाराची तार."

एकही बाई न येणं म्हणजे आकडा खोटा असं होत नाही, सातात एकदा तसं होणारच, हे मी तिला समजावू पाहिलं. अक्का म्हणाली, सात वेळा लग्नं लावायला कारखाना रिकामा बसलेला नाही. दादांनी अजून राग गिळलेला नव्हता. ते म्हणाले, ठरलं.

सोहळ्याच्या दिवशी मांडवात एका अंगाला कनाती लावून आमची गल्ली बसली होती. सकाळपासून बायकांची रीघ. मी मापाप्रमाणे पेट्या पुरवत होते आणि एक डोळा त्या पेट्यांच्या थप्प्यांवर होता. मधल्या थप्प्या भराभर उतरत होत्या, कडेच्या हळूहळू. दुपारी पंगती बसल्या तेव्हा पाचही थप्प्या आपापल्या सकाळच्या उंचीच्या चौथाईवर आल्या होत्या. म्हणजे सगळ्या बरोबरच संपणार होत्या. शेजारच्या दुकानाचे बाबूकाका दर लग्नसराईत मधलं माप संपलं म्हणून दादांच्या नावाने बोटं मोडायचे. ते उठून आले, थप्प्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या वाटणीचा लाडू माझ्या हातावर ठेवून गेले. मी तो न खाता ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला. कारण मोठा हात अजून आला नव्हता.

मी कनातीच्या फटीतून बाहेर बघत होते. जाडजूड बाई दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि ती आत येऊन दोन-आठात आरामात बसायची. अंगाच्या जाडीचा आणि हाताच्या मापाचा फारसा संबंध नसतो हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

ऊन उतरलं. रीघ आटली. दादांनी मान मोकळी केली, उरलेला माल गाठोड्यात घातला आणि गाठ मारली. अक्का तांब्याभर पाणी पिऊन म्हणाली, "झालं. एकजणबी रिकामी गेली न्हाई. देवानं लाज राखली." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, ती वाईट नव्हती, जिंकल्यावर टोचायची तिला सवय नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी रिकाम्या पेट्या मोजत बसले.

तेवढ्यात कनात बाजूला करून एक नवरी मुलगी आत आली. ती हळद लागलेल्या हाताने कुणालातरी ओढत होती.

"अगं सोड, लोक हसतील," बाहेरून आवाज आला.

"काका, माझ्या आईला भरायच्यात," मुलगी म्हणाली. "ती सकाळपासनं चुलीकडं लपून बसलीया."

आई आत आली. शिडशिडीत, उंच, पदर कपाळापर्यंत. तिने हात पदराखाली धरले होते. साळूबाई तिचं नाव. लग्नात भरलेल्या बांगड्या वाढल्यानंतर आजवर एकाही कासाराला तिला बांगडी भरणं जमलं नव्हतं, असं तिने खाली मान घालून सांगितलं. दगड फोडायच्या कामावर जाते, हात असे झालेत. पण आज लेकीची पाठवणी, आणि तिची ओटी रिकाम्या हातांनी कशी भरू?

तिने हात बाहेर काढले. पेरं गाठाळ, तळवे पाटीएवढे. मी तो हात पाहिला आणि पेट्या सोडून अक्षरशः उडी मारली. "या मावशी, या, बसा ना," मी म्हणाले, आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. इतका सुंदर हात मी त्याआधी पाहिला नव्हता. तीनशेत एक. साळूबाई गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या हातांवर इतकं खूश झालेलं माणूस तिला कधी भेटलं नसावं.

दादांनी गाठ सोडली. दोन-दहाच्या बांगड्या काढल्या, साबणाचं पाणी घेतलं आणि तिचा उजवा हात मांडीवर ठेवला. बांगडी बोटांवरून आत गेली आणि पेरांवर अडली.

आता माझी काय अवस्था झाली ती सांगते. अडली की पुणं, सरकली की लातूर. आणि तिच्यावर माझ्याच बापाचे हात होते, ज्यांनी तीस वर्षांत हार मानली नव्हती. मी मनात देवाचा धावा करत होते की बांगडी सरकू नये. दादांनी पेर दाबलं, हात वळवला, पुन्हा दाबलं. एक वाढली. दादा 'चालायचंच' म्हणाले आणि दुसरी घेतली. त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात थांबवले आणि ते नुसतेच त्या हाताकडे बघत राहिले. अक्का जवळ येऊन उभी राहिली होती.

"राहू द्या दादा," साळूबाई म्हणाली. "तुमी लई केलंसा."

तिला दुखत होतं, पण तिने हात मागे घेतला नव्हता. लेक शेजारी उभी होती, तिचा स्वतःचा चुडा कोपरापर्यंत. ती आईच्या हाताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. का कोण जाणे, पण मी तिच्या आईला 'या बसा' म्हटलं होतं म्हणून असेल. तिला वाटलं असेल, हिला काहीतरी येतं.

मी खाली बसले. दादांचं काम मी रांगायची तेव्हापासून पाहत आले होते, पण मोठा हात एकट्याने होत नाही हे मला तिथे बसल्यावर सुचलं. मी साळूबाईचा अंगठा आणि करंगळी दोन्ही तळव्याच्या आत ओढून धरली, हात चोळून चोळून ढिला केला. "मावशी, लेकीचं सासर कुठलं?" मी विचारलं. ती सांगू लागली, माढ्याकडचं, घरी दोन म्हशी, सासू प्रेमळ वाटते, आणि सांगता सांगता तिचा हात सैल पडला. मी दादांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी दाबलं. बांगडी पेरांवरून उतरली आणि मनगटात जाऊन पडली.

नवरीने टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्याही उतरल्या, एकामागून एक. साळूबाई हात हलवून किणकिण ऐकत होती, पुन्हा हलवत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही हसत होते. लातूर मला स्पष्ट दिसत होतं, भांड्यांच्या उतरंडीसकट, तरी मला हसू आवरत नव्हतं. आजही विद्यार्थ्यांना प्रसामान्य वक्र शिकवताना उजव्या टोकाशी खडू गेला की मला ते तसंच हसू येतं आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

दोघी मायलेकी गेल्यावर अक्का म्हणाली, "गजा, एकबी बाई रिकामी गेली न्हाई. आता आकडा खोटा."

दादा हात पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी सोडलेलं गाठोडं जवळ ओढलं.

"अक्का, मी हे बांधलं हुतं," ते म्हणाले. "माझ्या हिशेबात ती बाई न्हवतीच. तूही म्हणालीस, झालं. सकाळपास्नं त्या बाईची वाट एकटी ही पोर बघत हुती."

अक्काने पदराचं टोक कमरेला खोचलं. मग तिने विचारलं, "अन् लातूरला मी काय कळवू?"

दादांनी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले.

"कळव," ते म्हणाले, "पोरगी तुमच्या मापात बसत न्हाई."